टाळा, टाळू आणि जीभ : दंतप्रतिमांच्या इतिहासातील एक भाषिक प्रश्न

दंतवैद्यक आणि ध्वनिशास्त्र या दोन विद्यांचे क्षेत्र एकच आहे, ते म्हणजे मनुष्याचे मुख. परंतु त्या मुखातील जिभेविषयी या दोन विद्यांची दृष्टी परस्परविरुद्ध दिसते. ध्वनिशास्त्रज्ञाला जीभ पाहावयाची असते. ती कोठे टेकते, किती वेळ टेकते आणि कोठून सुटते याचा माग काढण्यात त्याचे आयुष्य जाते. दंतवैद्याला पाहावयाचे असतात दात आणि दातांची मुळे. त्यांच्या प्रतिमेत जिभेने व्यत्यय आणू नये एवढीच त्याची अपेक्षा असते. म्हणून क्ष-किरण यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या रुग्णाला एक सूचना दिली जाते : ‘जीभ टाळूला लावून ठेवा.’ हे वाक्य उच्चारण्यास दोन सेकंदही लागत नाहीत. ते रुग्णाला नीट कळले नाही तर मात्र प्रतिमा वाया जाते, आणि पुष्कळदा ती पुन्हा घ्यावी लागते. या लहानशा वाक्याचा इतिहास आणि त्यातील शब्दांची योग्यायोग्यता तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रथम ही सूचना कशासाठी, हे पाहिले पाहिजे. ज्या प्रतिमेत दोन्ही जबडे आणि सर्व दात एका पट्टीवर उलगडून दिसतात, तिला व्यवहारात ओपीजी म्हणतात. तिच्या यंत्रात रुग्णाचे मस्तक स्थिर असते आणि किरणांची नळी व ग्राहक त्याच्याभोवती फिरतात. एका फेरीला पंधरा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. या वेळात जीभ खाली पडून राहिली, तर तिच्यात आणि तोंडाच्या छतात हवेची पोकळी उरते. मांस क्ष-किरणांना थोडे तरी अडविते; हवा जवळजवळ अडवीतच नाही. परिणामी वरच्या दातांच्या मुळांवर एक काळा पट्टा उमटतो आणि नेमकी जी मुळे पाहावयाची तीच त्यात बुडून जातात. जीभ वर चिकटलेली असेल, तर ती पोकळी भरून निघते व प्रतिमा सारख्या घनतेची येते. तेव्हा ‘जीभ मध्ये येऊ देऊ नका’ हे ओपीजीच्या बाबतीत खरे वर्णनच नव्हे. जिभेला तेथून घालवावयाचे नसते. तिला एका विशिष्ट जागी बसवावयाचे असते. निरनिराळ्या देशांत ओपीजीतील दोषांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत जीभ टाळ्याला न लागणे हा दोष वारंवार अग्रस्थानी आढळला आहे. यंत्रे सुधारली, परंतु हा दोष राहिला, कारण तो यंत्राचा नाही.

जिभेला जागा नेमून देण्याची विद्या भारतात फार जुनी आहे. प्रातिशाख्यांनी वर्णाचे स्थान आणि करण असा भेद केला. जेथे स्पर्श होतो ते स्थान, आणि जे जाऊन स्पर्श करते ते करण. तैत्तिरीय प्रातिशाख्यात टवर्गाच्या उच्चारासाठी जिभेचे टोक मागे वळवून मूर्ध्याला लावावे आणि चवर्गासाठी जिभेचा मध्यभाग तालूला लावावा, अशा अर्थाचे विधान आहे. हे ज्ञान डोळ्यांनी मिळविलेले नव्हते. तोंड मिटले की आत काय चालले आहे हे कोणालाच दिसत नाही. पाठ म्हणणाऱ्याला स्वतःच्या जिभेचा जो स्पर्श जाणवला, त्याच्या आधारे ही वर्गवारी उभी राहिली. विल्यम ड्वाइट व्हिटनी याने या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती १८७१ साली सिद्ध केली. योगायोग असा की, त्याच सुमारास लंडनमध्ये जिभेचा स्पर्श डोळ्यांना दाखविण्याची पहिली युक्ती निघाली, आणि ती काढणारा मनुष्य भाषापंडित नव्हता, दंतवैद्य होता.

जेम्स ओकली कोल्स हे त्याचे नाव. दुभंगलेल्या टाळ्याच्या रुग्णांवर तो उपचार करीत असे व मुखाच्या व्यंगांवर १८६८ साली त्याने ग्रंथही लिहिला होता. अशा रुग्णासाठी टाळ्याचे कृत्रिम झाकण बनविले तरी तो स्पष्ट बोलेलच असे नाही. त्यासाठी निरोगी मनुष्याची जीभ कोणत्या वर्णासाठी कोठे लागते हे आधी कळावयास हवे. कोल्सने पीठ आणि डिंक यांचे मिश्रण स्वतःच्या टाळ्याला फासले, एक एक वर्ण उच्चारला आणि मिश्रण जेथून पुसले गेले ती जागा पाहून घेतली. हीच तालुलेखनाची सुरुवात होय. पुढे अमेरिकेतील नॉर्मन किंग्स्ली या दंतवैद्याने टाळ्यावर बेतून बसविता येईल असा पातळ कृत्रिम टाळा वापरला. तो तोंडातून बाहेर काढून त्यावरील खूण सावकाश पाहता येई. पॅरिसमध्ये आबे रूस्लो याने १८९७ पासून प्रकाशित होऊ लागलेल्या आपल्या प्रयोगिक ध्वनिशास्त्रविषयक ग्रंथात या पद्धतीला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. भाषाशास्त्राचे इतिहास रूस्लोचा उल्लेख आदराने करतात आणि कोल्सला एखाद्या तळटीपेत बसवितात. हे न्याय्य नाही. ज्या प्रश्नातून पद्धत जन्मली तो प्रश्न, म्हणजे ‘हा रुग्ण बोलू कसा शकेल?’, दंतवैद्याचाच होता.

त्यानंतर क्ष-किरण आले आणि दोन विद्यांच्या वाटा फुटल्या. राँटगेनचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ चा. दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीत ब्राउनश्वाइग येथील ओटो वाल्खोफ या दंतवैद्याने काळ्या कागदात व रबरात गुंडाळलेली काचेची लहान पट्टी स्वतःच्या तोंडात धरून आपल्या दातांची प्रतिमा घेतली. त्याला पंचवीस मिनिटे निश्चल राहावे लागले. दंतप्रतिमेत जिभेला स्वस्थ बसावयास लावण्याचा हा पहिला प्रसंग म्हटला पाहिजे, आणि त्यातील रुग्ण स्वतः वैद्यच असल्यामुळे सूचना समजावून देण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

ध्वनिशास्त्रज्ञांची अडचण नेमकी उलटी होती. हाड दाखविणाऱ्या किरणांना जिभेची कडा नीट दिसत नसे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनियल जोन्स याने आपल्या मानस्वरांपैकी काहींची जी क्ष-किरण चित्रे १९१७ साली घेतविली, त्यांत जिभेवर शिशाची बारीक साखळी ठेवलेली होती. चित्रात जीभ दिसत नाही, साखळीची रेघ दिसते, आणि त्या रेघेवरून जिभेचा आकार वाचावयाचा. एकाच किरणांपुढे एका विद्येने जिभेला धातूचा अलंकार घालून पुढे आणले, दुसरीने तिला छताला चिकटवून अदृश्य केले.

या किरणांची किंमत दोघांनाही मोजावी लागली, परंतु दंतवैद्यकाला अधिक. न्यू ऑर्लिअन्सचा एडमंड केल्स हा अमेरिकेतील दंतप्रतिमांचा अग्रणी. तो यंत्राची जुळणी पाहण्यासाठी स्वतःचा हात किरणांत धरीत असे. कर्करोगाने त्याची बोटे आणि पुढे हात गेला, आणि १९२८ साली त्याने आत्महत्या केली. आजच्या ओपीजीची किरणमात्रा त्या काळाच्या तुलनेने अत्यल्प आहे. तरीही अकारण एकही प्रतिमा घेऊ नये हा नियम कायम आहे. निरोगी मनुष्याला केवळ ध्वनिसंशोधनासाठी क्ष-किरणांखाली बसविण्याची प्रथा याच कारणाने मागे पडली. म्हणून न समजलेल्या सूचनेमुळे घ्यावी लागणारी दुसरी प्रतिमा ही क्षुल्लक बाब समजता येत नाही.

ध्वनिशास्त्र नंतर अन्य साधनांकडे वळले. पुण्यास १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या डेक्कन कॉलेजात सी. आर. शंकरन यांनी प्रयोगिक ध्वनिशास्त्राची शाखा चालविली. इंग्लंडमध्ये रेडिंग येथे विकसित झालेल्या विद्युत्-तालुलेखनात बासष्ट सूक्ष्म विद्युदग्रे बसविलेला कृत्रिम टाळा वापरला जाऊ लागला. हा टाळा ज्याचा त्याच्या मापाचा करावा लागतो, आणि मापासाठी लागणारा दातांचा साचा दंतवैद्याकडूनच आणावा लागतो. जुने नाते असे एका बाजूने टिकून राहिले.

दंतवैद्यकाच्या बाजूला फिनलंडच्या युर्यो पाटेरो याने फिरत्या किरणांनी सबंध जबड्याची प्रतिमा घेण्याची पद्धत १९४९ च्या सुमारास व त्यानंतर विकसित केली. तिचे यंत्र १९६१ मध्ये बाजारात आले आणि जीभ टाळ्याला लावण्याची सूचना जगभर गेली. फ्रान्समध्ये फ्रान्सिस मूयाँ याच्या संशोधनातून १९८७ मध्ये फिल्मऐवजी संवेदक वापरणारी पद्धत आली. प्रतिमा तत्काळ पडद्यावर दिसू लागली. अंकीय प्रतिमेमुळे वेळ वाचला आणि किरणमात्रा घटली, पण जिभेचा प्रश्न मात्र अधिक नाजूक झाला. फिल्म पातळ असते व थोडी वाकते; संवेदक जाड, कठीण आणि तारेने बांधलेला असतो. खालच्या दाढांसाठी तो जीभ आणि जबडा यांच्यामध्ये सरकवावा लागतो, तेव्हा जीभ ताठरली तर ती त्याला ढकलून देते. तेथे सूचना बदलते : ‘जीभ सैल सोडा.’ १९८५ मध्ये झुरिक येथे मोर्मान व ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने प्रकाशाच्या साहाय्याने दातांचा ठसा घेण्यास प्रारंभ झाला. आज अशा यंत्राने दातांवरून कॅमेरा फिरविताना जीभ मध्ये आली, तर संगणकाला तुकडे सांधता येत नाहीत; म्हणून वैद्य आरशाने ती बाजूला धरून ठेवतो. म्हणजे एका बैठकीत एकाच रुग्णाला जीभ वर लावा, सैल सोडा आणि बाजूला राहू द्या, अशा तीन आज्ञा मिळू शकतात. त्यांतील पहिलीच सर्वांत अवघड आहे. कारण तिसरीत वैद्याचा आरसा काम करतो, दुसरीत रुग्णाने काही करावयाचे नसते, पण पहिलीत रुग्णाने न दिसणाऱ्या जागी न दिसणारी क्रिया करून ती पंधरा सेकंद टिकवावयाची असते. शिवाय त्या वेळी समोरच्या दातांत प्लॅस्टिकची खुंटी धरलेली असते. ‘म्हणजे कोठे लावू?’ असे विचारण्याची सोय उरत नाही. उलट, जिभेला नवी वस्तू चाचपून पाहण्याची उपजत खोड असल्यामुळे ती टाळा सोडून त्या खुंटीकडेच धावते.

येथे शब्दांचा प्रश्न उभा राहतो. भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय आर. अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास काढले, आणि तेव्हापासून ही विद्या इंग्रजीतूनच शिकविली गेली. रुग्णाशी बोलावयाचे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मराठीत घडविले नाही. ते ज्याचे त्याने भाषांतर केले. त्या भाषांतरात संस्कृत ‘तालु’ शब्दाशी जवळीक असलेला ‘टाळू’ शब्द आला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. त चा ट आणि ल चा ळ होऊन हा शब्द सिद्ध झाला व तोंडाच्या छताचा अर्थ त्याला आहेच. पण मराठी घरात ‘टाळू’ म्हटल्यावर पहिली आठवण होते ती तान्ह्या मुलाच्या डोक्यावरील मऊ जागेची. बाळाची टाळू भरतात, म्हणजे तेथे तेल जिरवितात. ‘मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ या म्हणीतही टाळू डोक्यावरच आहे. तोंडातील जागेसाठी लोकभाषेने दुसरे रूप राखून ठेवले आहे : टाळा. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ ही म्हण ज्याला ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. एकाच मूळ शब्दाची दोन रूपे भाषेने अशी वाटून घेतली, की एक डोक्याला गेले व दुसरे तोंडाला. ज्याने ‘टाळू’ हा शब्द डोक्याच्याच अर्थाने वापरला आहे अशा वृद्ध रुग्णाला ‘जीभ टाळूला लावा’ हे वाक्य क्षणभर अशक्यप्राय वाटले, तर त्यात त्याचे अज्ञान नाही.

डोक्याचे छत आणि तोंडाचे छत यांची ही सरमिसळ आजची नाही, हे भाषेच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावे. ‘मूर्धन्य’ हा शब्द तिचाच साक्षी आहे. मूर्धा म्हणजे मस्तक. तरी प्राचीनांनी तो शब्द तोंडाच्या छतातील उंच भागाला लावला. युरोपीय विद्वानांनी त्याचे शब्दशः भाषांतर करताना ट-ठ-ड या वर्णांना मेंदूशी संबंध दाखविणारे नाव दिले, आणि ते चुकीचे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ व्याकरणांत टिकले. ॲलनने प्राचीन भारतीय ध्वनिशास्त्रावरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या संज्ञांची बारकाईने चिकित्सा केली आहे. पंडितांची जेथे फसगत झाली, तेथे रुग्णाची होणे स्वाभाविकच होय.

‘टाळा’ या शब्दालाही एक अडचण आहे. कुलपाला ‘टाळे’ म्हणतात आणि त्याचेही रूप ‘टाळ्याला’ असेच होते. परंतु जीभ हा शब्द जवळ असला की कुलूप कोणाच्या मनात येत नाही. म्हण सर्व संदिग्धता नाहीशी करते. मौज अशी की, म्हणीत जीभ टाळ्याला लावणे म्हणजे विचार न करता बोलून टाकणे, आणि यंत्रापुढे जीभ टाळ्याला लावणे म्हणजे मुळीच न बोलणे.

शब्द बदलून अर्धेच काम होते. कारण ‘लावणे’ या क्रियापदाने टोकाचा स्पर्श सुचतो. रुग्ण जिभेचे टोक वर टेकवितो आणि सूचना पाळली असे समजतो. मधला भाग मात्र खालीच राहतो व पोकळी तशीच उरते. हे का घडते याचे स्पष्टीकरण मराठीचे वर्णच देतात. लातूर जिल्ह्याच्या ईशान्येस, नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर असलेल्या आणि १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झालेल्या जळकोटचे नावच उदाहरणासाठी घेता येईल. ‘जळ’ मधील ज दातांजवळचा. ळ साठी टोक मागे वळून छताला टेकते. क साठी जिभेचा मागचा भाग वर जातो. आणि ट साठी टोक पुन्हा मूर्ध्याकडे येते. चार व्यंजनांत जिभेने तोंडाच्या छताचा पुढचा, मधला व मागचा असा सर्व प्रदेश पालथा घातला. तरीही यांतील एकाही ठिकाणी ती छताला पूर्ण चिकटलेली नाही. ळ तर या कामी सर्वांत निरुपयोगी. टोक वळलेले असल्यामुळे वरच्या पुढल्या दातांमागे जागा रिकामी राहते, आणि बाजूंनी हवा जाऊ दिल्याशिवाय ळ उच्चारताच येत नाही. न बरा, कारण त्यात जिभेच्या कडा सभोवार हिरड्यांना लागतात. पण मधला भाग खोल राहतो. मराठीत छताशी सर्वांत विस्तृत स्पर्श होतो तो ञ मध्ये. हा वर्ण स्वतंत्र शब्दात ऐकू येत नसला, तरी तालव्य च च्या आधी येतो. ‘उंच’ मधील च दंत्य आहे, म्हणून तेथे न ऐकू येतो. ‘उंची’ मध्ये च तालव्य झाला की आधीचा अनुनासिक ञ होतो. ‘उंची’ म्हणावयास लागून च येण्यापूर्वी थांबावे, म्हणजे जिभेचा मध्यभाग टाळ्याला भिडलेला जाणवेल. ना. गो. कालेलकरांचा ‘ध्वनिविचार’ वाचलेल्या विद्यार्थ्याला हा प्रयोग सहज साधेल. दवाखान्यात तो सांगत बसणे अर्थातच व्यवहार्य नाही.

व्यवहार्य उपाय वर्णमालेबाहेर आहेत, आणि ते सर्वांना अवगत आहेत. पहिला, आवंढा गिळणे. गिळताना जीभ टोकापासून मागपर्यंत टाळ्याला दाबली जाते, ही शरीराची जन्मापासूनची सवय आहे. अनुभवी दंतवैद्य हेच करावयास सांगतात : गिळा, आणि गिळताना जीभ जेथे गेली तेथेच राहू द्या. दुसरा, जनावर हाकताना जिभेने काढतात तो ‘टक्’ असा आवाज. हा आवाज जीभ टाळ्यापासून सुटताना होतो. तो काढण्यापूर्वी क्षणभर ती टाळ्याला पसरून चिकटलेली असते. ‘टक्’ करण्याच्या तयारीत राहा, पण करू नका, एवढे सांगितले की शेतकऱ्याला अधिक समजावून सांगावे लागत नाही. हळहळ दाखविताना मराठी मनुष्य चुकचुकतो तो आवाजही याच जातीचा, फक्त दातांजवळचा. मराठीच्या वर्णव्यवस्थेत अशा चोषध्वनींना स्थान नाही. तरी ते प्रत्येकाच्या तोंडी असतात, आणि ‘चुकचुकणे’ या क्रियापदाने भाषेने त्यांची नोंद घेतली आहे. लहान मुलांसाठी यांहून सोपी उपमा पेढ्याची. पेढा टाळ्याला चिकटला की जीभ आपोआप पसरून त्याला रेटते.

जळकोटच्या रुग्णाला दंतमहाविद्यालय गाठावयाचे तर लातूर किंवा नांदेडची वाट धरावी लागते. म्हणून एका प्रतिमेचे वाया जाणे म्हणजे कधी कधी एका दिवसाच्या मजुरीचे व प्रवासखर्चाचे वाया जाणे असते. या भागात, १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीचा आणि जवळच्या कर्नाटक-तेलंगण सीमेचा परिणाम म्हणून, मराठीबरोबर दखनी उर्दू, कन्नड आणि तेलुगू बोलणारेही आढळतात. उर्दू लिपीत ळ साठी अक्षर नाही, तेव्हा जळकोटचे नाव त्या लिपीत ल नेच लिहावे लागते. दखनी बोलणाऱ्याला ‘तालू’ शब्द तोंडातील अर्थानेही परिचित आहे. तेलुगूत तोंडाच्या छताला ‘अंगिली’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘अंगुळ’. या दोन्ही भाषांच्या रुग्णांपुढे टाळा आणि टाळू यांपैकी कोणताही शब्द वापरला तरी तो परकाच. त्यांच्यासाठी तंत्रज्ञाने स्वतः एकदा आवंढा गिळून दाखवावा, आपल्या गळ्याकडे बोट करावे, आणि त्यानंतर रुग्णाच्या दातांत खुंटी द्यावी.